रोव्हर्स चषकाचा एक हंगाम



बुलढाणें जिल्ह्यांतील माणसानें फुटबॉलवर बोलावें याचें आपणांपैकीं पुष्कळांस नवल वाटेल. आमच्या जिल्ह्याचें नांव काढलें कीं लोणारचें सरोवर, जिजाऊसाहेबांचें सिंदखेड, शेगांवची वारी आणि खामगांवचा कापूस एवढ्या गोष्टी डोळ्यांपुढें येतात; त्यांत चामड्याच्या चेंडूला जागा नाहीं. आमच्याकडे कुस्ती आहे, कबड्डी आहे, खोखो आहे, आणि आतां गल्लोगल्लीं क्रिकेट आहे. फुटबॉल हा पाहुणा. तो शाळेच्या ओसरीपर्यंत आला आणि बहुधा तेथूनच परत गेला. हा पाहुणा घरांत कां राहिला नाहीं, हाच खरें म्हणजे माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. परंतु तेथपर्यंत पोंचण्यास मला मुंबईवरून, आणि थोडेंसें रुमानियावरूनहि, यावें लागणार आहे. आपण एवढी वाट माझ्याबरोबर चालावी, अशी विनंति आहे.

या विषयाची गोडी मला लागली ती आगगाडीमुळें. कलकत्त्याहून नागपूरमार्गें मुंबईस जाणारा लोहमार्ग आमच्या जिल्ह्याच्या उत्तर अंगानें जातो. शेगांव, जलंब, नांदुरा आणि मलकापूर हीं त्यावरचीं आमचीं मुख्य स्टेशनें. १९६० नंतरच्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. माझे मामा त्यांपैकीं एका स्टेशनांत तारबाबू होते आणि सुटींत मी त्यांच्याकडे राहावयास जात असें. एके रात्रीं मामांनीं मला हाताला धरून फलाटावर नेलें. मेल येऊन उभी होती. तिसऱ्या वर्गाच्या एका डब्यांत दहापंधरा तरुण दाटीनें बसले होते. वरच्या फळीला जाळीच्या पिशवींत चार-पांच चेंडू टांगलेले होते आणि खिडकीच्या गजांना बुटांचे जोड बांधलेले होते. "बाळ, हे बघ, कलकत्त्याचे खेळाडू. रोव्हर्स खेळायला मुंबईला निघालेत," मामा म्हणाले. क्लब कोणता, तें त्यांनाहि ठाऊक नव्हतें. एकानें खिडकींतून तांब्या पुढें केला. मीं धांवत जाऊन तो नळावर भरून आणला. गाडी सुटली. रोव्हर्स म्हणजे काय, हें मीं मामांना परत येतांना विचारलें, आणि त्यांनीं जें उत्तर दिलें तें मला आजहि पुरेसें वाटतें. ते म्हणाले, "अरे, ती फुटबॉलची दंगल आहे."

चषकाची पद्धत वऱ्हाडांतील माणसाला याहून अधिक समजावून सांगावी लागत नाहीं. साखळी सामन्यांत आज हरलेला उद्यां भरून काढूं शकतो. वर्षभराच्या कष्टांचा तेथें हिशेब होतो, शेतकऱ्याच्या पिकासारखा. चषकाच्या सामन्यांत तसें नाहीं. पाठ टेकली कीं पागोटें उचलावें आणि घरची वाट धरावी. म्हणूनच चषकांत लहान क्लबाला मोठ्या क्लबाच्या अंगाशीं येतां येतें. वर्षभर ज्याच्यापुढें उभें राहण्याची ताकद नाहीं, त्याच्यापुढें नव्वद मिनिटें उभें राहण्याची ताकद कोणाच्याहि अंगांत येऊं शकते. इंग्लंडांत १८७१-७२ च्या हंगामांत ही पद्धत प्रथम सुरू झाली आणि तेथून ती पलटणींच्या सामानसुमानाबरोबर आपल्या देशांत आली. सिमल्यास १८८८ सालीं ड्यूरँड चषक निघाला, मुंबईस १८९१ सालीं रोव्हर्स, आणि कलकत्त्यास १८९३ सालीं आय. एफ. ए. शील्ड. मुंबईचा पहिला चषक वूस्टरशायर पलटणीनें नेला. पुढें जवळजवळ अर्धें शतक हा चषक एका गोऱ्या पलटणीकडून दुसऱ्या गोऱ्या पलटणीकडे फिरत राहिला. या काळांतील विजेत्यांची यादी वाचतांना आपण फुटबॉलचा इतिहास वाचीत आहों कीं लष्करी छावण्यांचें हजेरीपत्रक, असा संशय येतो.

कलकत्त्यानें हें कोंडाळें लौकर फोडलें. मोहन बागाननें १९११ च्या जुलै महिन्यांत ईस्ट यॉर्कशायर पलटणीस दोन विरुद्ध एक गोलांनीं हरवून शील्ड घेतलें. ती कथा सर्वांस ठाऊक आहे, ती मी पुन्हा सांगत बसत नाहीं. मुंबईंत मात्र वेळ लागला. तोच मोहन बागान १९२३ सालीं रोव्हर्सच्या अंतिम सामन्यापर्यंत आला. एतद्देशीय संघ तेथवर पोंचण्याचा तो पहिलाच प्रसंग. परंतु डरहॅम पलटणीनें त्याला परत पाठविलें. त्यानंतर चौदा वर्षें वाट पाहावी लागली. मला ज्या हंगामाविषयीं आज विशेष सांगावयाचें आहे तो हा चौदा वर्षांनंतरचा, म्हणजे १९३७ चा.

त्या वर्षीं अंतिम सामन्यास जे दोन संघ उरले, त्यांचीं नांवें ऐका : बंगलोर मुस्लिम्स आणि कलकत्त्याचा महमेडन स्पोर्टिंग. दोन्ही आपल्या देशांतले. त्यांत पलटण नाहीं, गोरा क्लब नाहीं. सामना सुरू होण्यापूर्वींच अर्धा निकाल लागून गेला होता. कोणीहि जिंको, चषक प्रथमच आपल्या माणसांच्या हातीं जाणार होता. मग बंगलोरच्या संघानें एक गोल केला, कलकत्त्याला तो फेडतां आला नाहीं, आणि सेहेचाळीस वर्षांची रीत मोडली.

आतां हे दोन क्लब कोण, तें पाहूं. महमेडन स्पोर्टिंग हा १८९१ सालचा, म्हणजे वयानें रोव्हर्स चषकाच्याच जोडीचा क्लब. कित्येक वर्षें तो सामान्यच होता. मग १९३४ सालीं त्यानें कलकत्त्याची लीग जिंकली. ही लीग जिंकणारा तो पहिला एतद्देशीय क्लब. त्यानंतर १९३८ पर्यंत ओळीनें पांच वर्षें त्यानें ती दुसऱ्या कोणास दिली नाहीं. या पराक्रमाचें एक कारण फार साधें होतें : बूट. त्या काळीं आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत. कोरड्या जमिनीवर अनवाणी पाय हा बुटापेक्षां चपळ. परंतु बंगालच्या पावसांत मैदान चिखलानें माखलें कीं तोच पाय घसरे आणि बूटवाल्या पलटणीचें फावे. महमेडनच्या चालकांनीं ओल्या मैदानासाठीं बुटांची संवय करविली. दुसरें कारण असें कीं त्यांनीं खेळाडू कलकत्त्यापुरते शोधले नाहींत. देशांत जेथें चांगला मुसलमान खेळाडू दिसेल तेथून त्यांनीं तो आणला, आणि असे खेळाडू त्यांना विशेषेंकरून मिळाले ते बंगलोरला.

बंगलोरला कां, हेंहि पाहण्यासारखें आहे. तेथें इंग्रजांची मोठी छावणी होती. कवाइतीचीं विस्तीर्ण मैदानें होतीं. आणि त्या मैदानांच्या कडेला राहणाऱ्या वस्तींतलीं मुलें रोज संध्याकाळीं गोऱ्या शिपायांचा खेळ पाहत होतीं. पाहतां पाहतां तीं चेंडूमागें धांवलीं, धांवतां धांवतां खेळूं लागलीं, आणि एका पिढीच्या आंत शिकविणाऱ्यांनाच शिकवूं लागलीं. बंगलोर मुस्लिम्स हा या वस्तीचा क्लब. तेव्हां १९३७ चा तो सामना एका अर्थीं मजेदार होता. ज्या गांवानें आपलीं कांहीं कर्तीं मुलें कलकत्त्यास दिलीं, त्याच गांवानें घरीं उरलेल्या मुलांना घेऊन कलकत्त्यास हरविलें. लीगच्या साऱ्या हंगामांत असें घडतें ना, तर त्याचा कोणी विचारहि केला नसता. चषकांत तें घडलें, म्हणून आपण अजून त्याविषयीं बोलतों आहों.

या नांवांकडे आजचा श्रोता किंचित् चमकून पाहील. क्लबाच्या नांवांत धर्म कशाला? प्रश्न योग्य आहे. परंतु त्या काळची मुंबई आठवावी. त्याच मुंबईंत क्रिकेटचे मोठे सामने हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन अशा नांवांनीं होत असत. त्याच १९३७ सालीं त्यांत 'इतर' म्हणून पांचवा संघ आला, आणि हिंदूंचा संघ नव्या ब्रेबोर्न मैदानांतील जागांच्या वांटणीवरून रुसून बाहेर राहिला. माणसांना संध्याकाळीं एकत्र जमावयाचें तर पलटण, कचेरी किंवा आपापल्या जातिधर्माचा जिमखाना याखेरीज चौथें ठिकाण फारसें नव्हतें. ही रीत चांगली होती असें माझें मुळींच म्हणणें नाहीं. खेळाच्या मैदानावर पेटलेल्या त्या अभिमानाचे चटके पुढें रस्त्यावरहि बसले. मला एवढेंच दाखवावयाचें आहे कीं क्लबाचें नांव हें त्याच्या मालकीचें सातबारा असतें. हा क्लब कोणाच्या जमिनीवर उभा आहे, तें त्यावरून कळतें.

बंगलोरनें पुढच्या, १९३८ च्या सालींहि रोव्हर्स राखला. मग १९४० सालीं तेच दोन क्लब अंतिम सामन्यास पुन्हा समोरासमोर आले आणि या वेळीं महमेडन स्पोर्टिंगनें त्याच एका गोलानें जुनें उट्टें काढलें. त्याच वर्षीं दिल्लीस ड्यूरँड चषकहि त्यांनींच रॉयल वॉरिकशायर पलटणीस दोन विरुद्ध एकनें हरवून जिंकला. ड्यूरँड जिंकणारा तो आपला पहिला संघ.

आतां मला थोडें दूर जाऊं द्या. बंगलोरच्या मुलांनीं मुंबईस चषक उचलला त्याच १९३७ सालीं युरोपच्या पूर्व टोंकाला, रुमानिया देशाच्या बुखारेस्ट या राजधानींत, रॅपिड नांवाच्या क्लबानें त्या देशाचा राष्ट्रीय चषक जिंकला. रुमानियाचा चषक तेव्हां अगदीं नवा होता; १९३३-३४ हा त्याचा पहिला हंगाम. आणि रॅपिड हा क्लब कोणाचा? रेल्वेच्या कारखान्यांतील कामगारांचा. बुखारेस्टच्या ग्रिवित्सा भागांत रेल्वेचे मोठे कारखाने आहेत; तेथील कामगारांनीं १९२३ सालीं तो काढला आणि प्रथम त्याला रुमानियन रेल्वेचींच आद्याक्षरें नांव म्हणून दिलीं. याच ग्रिवित्सा कारखान्यांत १९३३ च्या फेब्रुवारींत कामगारांनीं संप केला तेव्हां त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. अशा ठिकाणचा तो क्लब. १९३७ पासून १९४२ पर्यंत ओळीनें सहा वर्षें त्यानें चषक सोडला नाहीं. त्यांतला १९४० चा अंतिम सामना तर ऐकण्यासारखा आहे. समोर व्हीनस नांवाचा त्याच शहरांतला क्लब होता. सामना बरोबरींत सुटला. पुन्हा खेळविला, पुन्हा बरोबरी. तिसऱ्यांदा खेळविला, तिसऱ्यांदाहि बरोबरी. चौथ्या सामन्यांत एकदांचा निकाल लागला आणि चषक रेल्वेच्या कामगारांकडे राहिला. दंगलींत दोन मल्ल निकालीं निघेनात तेव्हां पंच कुस्ती सोडवितात. बुखारेस्टच्या पंचांना ती सवलत नव्हती.

रुमानियांतील क्लबांचीं पुढचीं नांवें पाहिलीं तर देशाचें राज्य कसें बदललें तेंहि त्यांत दिसतें. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथें साम्यवादी राजवट आली आणि मोठे क्लब दोन झाले : एक सैन्याचा, स्टेआउआ; दुसरा पोलिसखात्याच्या मंत्रालयाचा, दिनामो. आपल्याकडे राजवट निराळी होती, परंतु नांवांची गोष्ट फारशी निराळी घडली नाहीं. १९४२ सालीं रोव्हर्स जिंकला तो बाटा कंपनीच्या संघानें. ज्या देशांतले खेळाडू कालपर्यंत अनवाणी खेळत, त्या देशांत जोडे करणाऱ्या कंपनीनें चषक न्यावा, यांत नियतीची थोडी थट्टा आहे. स्वातंत्र्यानंतर पलटणी निघून गेल्या आणि १९५० पासून १९५४ पर्यंत ओळीनें पांच वर्षें हैदराबाद सिटी पोलिस हें एकच नांव चषकावर कोरलें गेलें. त्या संघामागें सय्यद अब्दुल रहीम या शिक्षकाची बुद्धि होती. याच रहीमसाहेबांच्या हाताखालीं भारताचा संघ १९५६ सालीं मेलबोर्नच्या ऑलिंपिकमध्यें चौथा आला. त्या स्पर्धेंत ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकाच सामन्यांत तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा हा मुंबईचा, कंपन्यांच्या संघांतून खेळणारा खेळाडू होता. ऑलिंपिकमध्यें अशीं तीन गोलांची कामगिरी करणारा तो पहिला आशियाई.

आणि मग १९५८ सालीं मुंबईच्या कॅल्टेक्सनें महमेडन स्पोर्टिंगला हरवून रोव्हर्स मुंबईंतच ठेवला. कॅल्टेक्स म्हणजे घासलेट आणि पेट्रोल विकणारी परकीय कंपनी. तिचे डबे आमच्या खेड्यापाड्यांतून धान्य मापायला आणि पाणी भरायला वापरलेले मीं पाहिले आहेत. त्यांवरील नांव मला वाचतां येत असे, पण तें एका फुटबॉल संघाचेंहि आहे, हें मला कोणी सांगितलें नव्हतें. मुंबईचें त्या पिढीचें फुटबॉल या अशाच नांवांवर उभें होतें. टाटांचा क्लब १९३७ सालींच निघाला होता. रेल्वे होत्या, पुढें बँका, गिरण्या, खतांचा कारखाना आणि विमान कंपनीहि आली. खेळाडूस नोकरी मिळे, दुपारीं सरावाला सुटी मिळे आणि म्हातारपणीं पेन्शन मिळे. त्यांत कांहीं गैर नव्हतें. गरीब घरांतल्या मुलाला त्याहून मोठा आधार कोणता? नोकरीच्या निमित्तानें मी मुंबईस राहिलों तेव्हां कूपरेजच्या मैदानावर हे सामने पाहिले आहेत. एक गोष्ट मात्र मला तेव्हांहि खटके. कलकत्त्याचा क्लब मैदानांत उतरला कीं मुंबईंतली बंगाली मंडळी कुटुंबांसह येऊन ओरडत. गोव्याचा क्लब आला कीं गिरगांव-धोबीतलावाकडचे गोंवेकर येत. आणि मुंबईच्या कंपनीचा संघ उतरला कीं टाळ्या वाजविणारे बहुतेक त्या कंपनीचेच कारकून असत, तेहि साहेब पाहत असला तर अधिक जोरानें.

कंपनीचा क्लब कंपनीएवढाच जगतो. कॅल्टेक्सचा कारभार १९७६ सालीं सरकारनें ताब्यांत घेतला आणि १९७८ सालीं ती हिंदुस्तान पेट्रोलियममध्यें विलीन झाली. कॅल्टेक्स हें नांवच बाजारांतून गेलें, मग त्याचा क्लब कोठून राहणार? गिरण्यांचें काय झालें तें सांगावयास नको. महिंद्रांच्या संघानें २००५-०६ च्या हंगामांत देशाची राष्ट्रीय लीग जिंकली होती. २०१० सालीं चालकांनीं तो संघ बंद केला. एका सकाळीं कचेरींत एक ठराव झाला आणि देशांतला एक उत्तम संघ नाहींसा झाला. ज्यांचा तो संघ होता त्यांचा तो निर्णय. त्यांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. रोव्हर्स चषकाचेंहि तसेंच झालें. १९९६ पासून राष्ट्रीय लीग सुरू झाली, मोठ्या क्लबांना महिनोन्‌महिने तिच्यांतून सवड मिळेना, आणि मुंबईंत या चषकासाठीं अडून बसेल असा क्लब उरला नव्हता. २०००-०१ चा हंगाम शेवटचा ठरला. तो मोहन बागाननें जिंकला. १८९१ पासूनची परंपरा संपली. ड्यूरँड अजून चालूं आहे, कारण सैन्य अजून आहे.

मोहन बागान १८८९ चा, महमेडन स्पोर्टिंग १८९१ चा, ईस्ट बंगाल १९२० चा. तिघेहि आज जिवंत आहेत. त्यांनाहि अलीकडे भांडवलदारांचा हात धरावा लागला, त्यांच्यांतहि भांडणें, कर्जें, कोर्टकचेऱ्या झाल्या. परंतु ते मेले नाहींत, कारण त्यांचे सभासद आहेत. वर्गणी भरणारी, निवडणुकींत मत देणारी, आणि क्लब हरला तर रात्रीं न जेवणारी माणसें आहेत. एखाद्या शेटजीनें हात काढला तर हीं माणसें दुसरा शेटजी शोधून आणतात. आणि बुखारेस्टच्या त्या रॅपिडचें काय झालें, तेंहि सांगतों. रेल्वेचा आधार सुटला, मालक बदलत गेले, आणि २०१६ सालीं क्लबाचें दिवाळें निघालें. लोकांनीं तो संपूं दिला नाहीं. अगदीं खालच्या पायरीवरून पुन्हा सुरुवात करून २०२१ सालीं तो पुन्हा देशाच्या पहिल्या श्रेणींत आला. बंगलोर मुस्लिम्सची आठवण मात्र आतां बंगलोरच्या जुन्या वस्तींतच कोणाला असली तर असेल. १९४८ सालीं त्यांनीं पुन्हा एकदां रोव्हर्स जिंकला होता. वस्तीचा क्लब असूनहि तो मागें पडला, तेव्हां माझा सिद्धान्त सर्वत्र लागूं पडतो असें मी म्हणत नाहीं.

आतां बुलढाण्याकडे वळतों. आमच्या शाळेंत फुटबॉल होता. चेंडू एकच होता. त्याचें ब्लॅडर फुटलें कीं सायकलवाला ठिगळ लावी आणि शिवण उसवली कीं चांभार टांका घाली. मैदान काळ्या मातीचें. पावसाळ्यांत पाय घोट्यापर्यंत रुते आणि उन्हाळ्यांत भेगा अशा पडत कीं त्यांत चेंडू अडकून बसे. आम्ही सारे अनवाणी. आमचे ड्रिलमास्तर एका लष्करी गांवीं शिकून आले होते. त्यांनीं आम्हांला तीन वर्षें खेळविलें. भुसावळच्या रेल्वे वसाहतींतल्या मुलांशीं आमचा एक सामना त्यांनीं ठरविला होता. आम्ही पांच गोलांनीं हरलों. परंतु परततांना गाडींत आम्ही जणूं जिंकूनच आलों आहों असे गात होतों. पुढच्या वर्षीं मास्तरांची बदली झाली. नव्या मास्तरांना फुटबॉल आवडत नसे. चेंडू कपाटांत गेला, कपाटाला कुलूप लागलें, आणि मी मॅट्रिक होऊन दाखला आणावयास गेलों तेव्हां शिपायानें कागद काढण्यासाठीं तें कपाट उघडलें. चेंडूचें चामडें उंदरांनीं खाल्लें होतें. शाळेस तरी काय बोल लावावा? तो खेळ शाळेचा नव्हताच. तो मास्तरांचा होता आणि त्यांच्याबरोबर गेला.

याच गांवांत, शाळेपासून दोन गल्ल्यांवर, एक तालीम होती. तिचे वस्ताद माझ्या आजोबांच्या वयाचे. ते वारले तेव्हां त्यांच्या शिष्यानें माती उकरली, त्याच्यामागें त्याच्या शिष्यानें. नागपंचमीला तेथें नारळ फुटावयाचा राहिला, असें एकहि वर्ष मला आठवत नाहीं. तेल, ताक, गेरू, लाकडाची मुद्‌गलें, सारें गांवच्या वर्गणींतून. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाकडे पाहा. वैद्य बंधूंनीं तें १९१४ सालीं काढलें. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं त्यांच्या मंडळींनीं जाऊन कबड्डी खेळून दाखविली. आणि तें आजहि चालूं आहे. म्हणजे संस्था काढणें आणि ती पिढ्यान्‌पिढ्या टिकविणें, हें वऱ्हाडाला येत नाहीं असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. आम्हांला तालमीची माती आपली वाटली. फुटबॉलचा चेंडू मात्र आम्ही शेवटपर्यंत सरकारी सामानाच्या यादींतच ठेवला.

गेल्या दसऱ्याच्या सुमारास आमच्या गल्लींतलीं चार मुलें माझ्याकडे आलीं. त्यांना फुटबॉलचा क्लब काढावयाचा होता. बाजारपेठेंतल्या एका दुकानदारानें पंधरा पोषाख देऊं केले होते; अट एवढीच कीं पाठीवर दुकानाचें नांव असावें आणि क्लबासहि तेंच नांव द्यावें. मुलांचें आपसांत एकमत होईना. "आजोबा, तुम्ही सांगा, काय करावं?" त्यांतला थोरला म्हणाला. मीं त्यांना मामांची गोष्ट सांगितली, बंगलोरची सांगितली, कॅल्टेक्सची सांगितली. तीं मुलें सभ्यपणानें ऐकत होतीं. किती पटलें, तें मला कळलें नाहीं. आठ-दहा दिवसांनीं तीं पुन्हा आलीं. हातांत पावतीपुस्तक होतें. दुकानदाराकडून त्यांनीं पोषाखांऐवजीं दोन चेंडू घेतले होते आणि त्याचें नांवहि सभासदांच्या यादींत इतरांच्या ओळींत लिहिलें होतें. क्लबाला नांव दिलें होतें गल्लीचें. घरटीं महिना दहा रुपये वर्गणी. मीं वर्षाची एकदम देऊं केली, तर थोरला म्हणाला, "नाही आजोबा, दर महिन्याला येऊ आम्ही. नाहीतर तुम्ही विसरून जाल." त्यानें दहा रुपये घेतले आणि पावती फाडून दिली. तिचा क्रमांक एकेचाळीस होता.